साहेब कोणत्या पायाने लंगडतात

डॉक्टर दुसऱ्यांदा नापास झाली, त्याच आठवड्यात बाबांनी हॉलच्या भिंतीवर नवा नकाशा लावला.

‘डॉक्टर’ हे तिचं घरातलं नाव. लहानपणी तिने मोडक्या स्टुलाच्या पायाला आईची ओढणी बांधली होती आणि ‘पेशंट आहे’ म्हणून कुणाला त्यावर बसू दिलं नव्हतं. तेव्हापासून मामा तिला डॉक्टर म्हणायला लागला, मग आई, मग सगळी गल्ली. पुढे तिने खरोखरच जनावरांची डॉक्टर व्हायचं ठरवलं तेव्हा घरात कुणालाच आश्चर्य वाटलं नाही. ती अजून झाली कशी नाही, याचंच वाटलं. नाव आधी आलं होतं, पदवी मागून येणार होती. मधे फक्त प्रवेश परीक्षा होती, आणि परीक्षेने हे नाव ऐकलेलं नव्हतं.

“थोडक्यात हुकलं,” बाबा शेजाऱ्यांना सांगायचे. मागच्या वर्षीही थोडक्यातच हुकलं होतं. मामाच्या मते हत्ती गेला होता आणि शेपूट राहिलं होतं. डॉक्टर दोन वर्षं ते शेपूट धरून बसली होती, आणि आता तिला दाट शंका यायला लागली होती की हत्ती अजून दाराच्या अलीकडेच उभा आहे.

बाबा बस डेपोत वेळापत्रकं बनवायचे. त्यांच्या वेळापत्रकाप्रमाणे आजवर एकही बस आली नव्हती, पण ती चूक बसची, वेळापत्रकाची नाही, हे ते कुणालाही न चिडता समजावून सांगत. त्यांचं आयुष्यात एकच तत्त्व होतं: प्रवासी रस्त्यात अडकता कामा नये. म्हणून प्रत्येक मार्गाला पर्यायी मार्ग, आणि त्या पर्यायाचं काही बरंवाईट झालं तर त्यालाही पर्याय.

मुलीचं शिक्षण त्यांनी असंच आखलं होतं, एका जुन्या वेळापत्रकाच्या पाठकोऱ्या बाजूवर. लाल रेघ: प्रवेश परीक्षा, तिसरी वेळ. मग पदवीची पाच वर्षं, मग दवाखान्यात उमेदवारी, आणि शेवटी एक चौकोन, त्यात ‘डॉक्टर’. चौकोनावर बाबांनी छप्परही काढलं होतं, बसथांब्याला असतं तसं. निळी रेघ: आधी प्राणिशास्त्र शिकायचं, मग तीच परीक्षा पुन्हा द्यायची, म्हणजे तेच गाव, फक्त लांबच्या रस्त्याने. हिरवी रेघ समुद्र ओलांडून एका देशात जात होती. तिथे परीक्षाच नसते असं बाबांना एका ड्रायव्हरने सांगितलं होतं. देशाचं नाव त्यालाही आठवत नव्हतं, त्यामुळे त्या चौकोनात बाबांनी नुसतं ‘थंडी’ लिहिलं होतं.

आणि अगदी तळाशी, पेन्सिलीने, एक तुटक रेघ. सहायकाचा डिप्लोमा, दोन वर्षं. जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टरांच्या हाताखाली काम करणाऱ्यांसाठी तो असतो. या रेघेच्या टोकाला चौकोन नव्हता. बाबांनी लिहिलं होतं, ‘डेपोत परत’.

घोडं इथेच अडलं होतं. वरच्या तिन्ही रेघा फक्त भिंतीवर होत्या. खालची तेवढी खरी होती. डिप्लोमाच्या कॉलेजात डॉक्टरला जागा मिळाली होती. शनिवारी दुपारपर्यंत तिथे जाऊन हो म्हणायचं, नाहीतर जागा पुढच्याला जाणार.

“शनिवारपर्यंत नीट विचार कर,” बाबा म्हणाले. “पण करशील तो लाल रेघेचा कर.”

“मी दमलेय, बाबा.”

“मग थोडा वेळ निळीचा कर.”

डॉक्टरने आईकडे पाहिलं. आई वीज मंडळाच्या तक्रार केंद्रात फोन घ्यायची. दिवसभर लोकांच्या अंधाराबद्दल शिव्या खाऊन ती घरी यायची, तेव्हा तिच्याकडे बोलण्याचा एकच सूर शिल्लक असायचा.

“आई, मी खरंच दमलेय.”

“तुमची तक्रार नोंदवून घेतली आहे,” आई म्हणाली, आणि मग जरा वेळाने, स्वतःच्या आवाजात, “पाठ टेक जरा. मी उठवते.”

उठवलं मात्र मामाने. मामा हा आईचा धाकटा भाऊ. तो दोन दिवसांसाठी राहायला आला, तेव्हा डॉक्टरचे दुधाचे दात पडत होते. सध्या तो दोन नोकऱ्यांच्या मधे होता. पहिली कोणती आणि दुसरी कोणती, हे विचारायचं घरात सगळ्यांनी सोडून दिलं होतं.

“ऊठ, डॉक्टर. रविवार आहे. ओपीडी.”

पदवीच्या प्रवेशाला मुलाखत असते आणि मुलाखतीत जनावरांचा अनुभव विचारतात, हे बाबांना कळल्यापासून दर रविवारी घरात ओपीडी असायची. पेशंट एकच, साहेब. साहेब म्हणजे घरातला म्हातारा कुत्रा. तो पहिल्यांदा घरात शिरला तो तडक बाबांच्या खुर्चीत जाऊन बसला आणि बाबाच उठून उभे राहिले, तेव्हापासून त्याला सगळे अहोजाहो करायचे. चारही पायांना झुपकेदार केस, त्यामुळे बारा महिने लोकरी मोजे घातल्यासारखा दिसायचा.

साहेबांना काहीही झालेलं नव्हतं. अडचण होती ती हीच. निरोगी कुत्र्याच्या पायाला पट्टी बांधायची, डोळे तपासायचे, छातीला कान लावायचा, आणि मामाने मालक होऊन रडायचं. साहेबांना आधी हे सगळं पोरकट वाटायचं. मग एकदा, पट्टी सोडल्यावर पाय आखडला म्हणून ते दोन पावलं लंगडले आणि मामाने कौतुकाने त्यांना बिस्किट दिलं. त्या दिवसापासून साहेब लंगडायला लागले. औषधाच्या स्टीलच्या डब्याचं झाकण ‘खट्’ वाजलं की ते उठायचे, एक पंजा छातीशी घ्यायचे आणि हॉलमधून लंगडत एक फेरी मारायचे. कोणता पाय, हे त्या दिवशीच्या मूडवर. फेरीत मधेच पाय बदलायचे. एकदा तर त्यांनी मागचा आणि पुढचा असे दोन पाय एकाच वेळी लंगडे केले, आणि तोल जाऊन पडले, आणि त्याचीही दोन बिस्किटं वसूल केली.

“ह्यांना नाटक कंपनीत घाला,” आई म्हणायची. “घरात एक तरी कमावता होईल.” हे ती मामाकडे बघून म्हणायची.

त्या रविवारीही झाकण वाजलं, साहेब लंगडले, मामा रडला. “डॉक्टर, ह्यांना वाचवा हो, ह्यांच्या नावावर घर आहे!” डॉक्टरने डाव्या पुढच्या पायाला पट्टी गुंडाळली आणि पाहिलं तर चिकटपट्टी संपलेली.

“थांब, तात्पुरतं,” मामा म्हणाला. त्याने पेपरच्या गुंडाळीचं रबर काढलं आणि पट्टीवर चढवलं. तेवढ्यात बाबा घड्याळ बघून म्हणाले की पट्टी बांधायला गेल्या वेळेपेक्षा जास्त वेळ लागला, डॉक्टर म्हणाली मग तुम्ही बांधा, बाबा म्हणाले मला कुठे परीक्षा द्यायचीय, आणि या बोलाचालीत साहेब कंटाळून निघून गेले. दाराशी मामाने त्यांना गाठलं, पट्टी ओरबाडून काढली, बिस्किट दिलं. ओपीडी संपली.

*

रोज सकाळी डॉक्टर कोपऱ्यावरच्या जनावरांच्या दवाखान्यात मदतीला जायची. तिथे खरे डॉक्टर बसायचे. हे त्यांचं आडनाव नव्हे. घरात एक डॉक्टर आधीच असल्यामुळे त्यांना खरे डॉक्टर म्हणावं लागायचं. उंच, वाकलेला माणूस, दोन्ही हातांवर जुन्या चाव्यांच्या खुणा. त्यांच्याकडे पाहिलं की वाटायचं, हा माणूस आत्ताच कुणाला तरी नको म्हणून आलाय आणि समोरच्याने ऐकलेलं नाही.

डॉक्टरचं तिथलं काम म्हणजे धरणं. खरे डॉक्टर म्हणायचे “धर,” की धरायचं. धरणं म्हणजे जोर नव्हे, हे तिला तिथे कळलं. जोर लावला की जनावर दुप्पट जोर लावतं. एक हात मानेखालून, एक पोटाखालून, आणि आपली हनुवटी त्याच्या खांद्यावर टेकवून स्वतःचा श्वास सावकाश करायचा. थोड्या वेळाने त्याचाही होतो. दिवसभरात डॉक्टरला दमल्यासारखं वाटायचं नाही ते एवढ्याच वेळात. हे तिने घरी कधी सांगितलं नव्हतं. सांगून भिंतीवर कुठे लिहिणार?

खरे डॉक्टरांचा एक नियम होता. पेशंट कोणीही असो, आधी हात लावायचा नाही.

“चालवा,” ते मालकाला म्हणायचे.

“अहो, पण पाय इथे दुखतोय.” त्या मंगळवारी एक बाई आपल्या काळ्या कुत्र्याला घेऊन आली होती. “हा बघा, हा उजवा.”

“चालवा.”

बाई बाहेरच्या बोळातून कुत्र्याला घेऊन गेली, परत आली.

“डावा आहे,” खरे डॉक्टर म्हणाले.

“माझा कुत्रा आहे, मला माहीत नाही होय?”

“त्याची मान बघा. दुखरा पाय टेकतो तेव्हा डोकं वर जातं. चांगला टेकतो तेव्हा खाली येतं.” मग बाईला ऐकू जाणार नाही अशा बेताने डॉक्टरला म्हणाले, “पाय खोटं बोलतो. मालक तर बोलतोच. मानेला जमत नाही.”

डाव्या पंजात काचेचा तुकडा निघाला. बाई जाताना म्हणाली, “उजवापण बघायला हवा होता.”

बाई गेल्यावर डॉक्टरने विचारलं, “सर, मी डिप्लोमा घेऊ की पुन्हा परीक्षा देऊ?”

“मला विचारू नकोस. मी आजच बायकोला म्हणालो, फुलांचं दुकान टाकू. फुलं चावत नाहीत.”

“गुलाब, सर?”

“तेवढं चालेल.” त्यांनी हात धुतले, आणि ते पुसायचे विसरून तसेच उभे राहिले. “हे बघ. पाच वर्षं शिकलीस तर इथे येऊन उभी राहशील. दोन वर्षं शिकलीस तरी इथेच येऊन उभी राहशील. टेबलाच्या या बाजूला की त्या बाजूला, एवढाच फरक. फरक मोठा आहे, नाही असं नाही. या बाजूच्याला जरा बरं घर मिळतं, आणि सगळ्या शिव्याही मिळतात.”

“मग?”

“मग काय. मला हात कमी पडतात. सध्या दोनच आहेत, दोन्ही माझे.”

तेवढ्यात एक म्हातारे गृहस्थ पिशवीत मांजर घेऊन आले आणि म्हणाले, फार गरीब आहे हो. पुढचा पाव तास खरे डॉक्टर, डॉक्टर आणि ते गृहस्थ कपाटाखाली हात घालून होते, आणि डिप्लोमाचा विषय राहून गेला.

*

घरी साहेब लंगडत होते.

सोमवारपासूनच. डब्याचं झाकण वाजलेलं नव्हतं, ओपीडी नव्हती, तरी. मामाला भरून आलं.

“बघितलंस? रियाझ करतायत.” त्याने बिस्किट दिलं. साहेबांनी खाल्लं. ते खाल्लं, तिथेच सगळे फसले. दुखणाऱ्याला अन्न जात नाही असं घरात सगळ्यांना माहीत होतं. साहेबांना मरतानाही बिस्किट गेलं असतं, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

मंगळवारी डॉक्टर दवाखान्यातून आली तेव्हा साहेब पंजा चाटत बसले होते. बुधवारी ते बाबांच्या खुर्चीत चढले नाहीत, खाली फरशीवर झोपले. बाबा सुखावले. त्यांना बऱ्याच वर्षांनी खुर्ची मिळाली होती.

“या वेळी पाय बदलत नाहीयेत,” डॉक्टर म्हणाली. “सारखा डावाच.”

“भूमिकेत शिरलेत,” मामा म्हणाला.

“ओव्हरटाइम मागतील आता,” आई म्हणाली.

डॉक्टरही हसली. तिच्यासमोर गेल्या वर्षीच्या प्रश्नपत्रिका पसरलेल्या होत्या. बाबांनी त्या डेपोतल्या पंचिंग मशीनने टोचून एकत्र बांधल्या होत्या, त्यामुळे प्रत्येक पानावर एका प्रश्नाच्या जागी भोक होतं. गायीला चार कप्प्यांचं पोट असतं, त्यातल्या तिसऱ्या कप्प्याचं नाव काय, असं पुस्तक विचारत होतं. गेली दोन वर्षं ती त्या पोटातच राहत होती आणि बाहेरची वाट तिला अजून सापडली नव्हती. मागे साहेब उठले, फरशीवर त्यांच्या नखांचा आवाज झाला. टक्, टक्, टक्, आणि जिथे चौथा यायला हवा तिथे काही नाही. तिने वळून पाहिलं नाही. तो आवाज तिच्या ओळखीचा होता. त्या आवाजाला बिस्किट मिळतं, एवढंच तिला माहीत होतं.

*

शुक्रवारी संध्याकाळी बाबांनी बैठक बोलावली. अजेंडा: उद्याचं काय. बाबा फूटपट्टी घेऊन नकाशाजवळ उभे राहिले, आई कामावरून आलेली चप्पलही न काढता बसली, मामा साहेबांच्या शेजारी फरशीवर.

“लाल मार्ग,” बाबांनी फूटपट्टी ठेवली. “एक वर्ष जाईल, मान्य. पण एकदा गाडीत बसली की विनाथांबा.”

“दोनदा तीच गाडी चुकली, बाबा.”

“म्हणून तर तिसऱ्यांदा आपण लवकर निघायचं.”

“आणि तिसऱ्यांदा चुकली तर?”

“तर निळा.”

“निळ्याच्या पुढे पुन्हा तीच परीक्षा आहे!”

“तर हिरवा,” बाबा म्हणाले, पण जरा हळू. थंडीबद्दल त्यांनाही खात्री नव्हती.

“माझं ऐकाल तर,” मामा म्हणाला, “गायी-म्हशींची डॉक्टर हो. शांत पेशंट. सगळं भविष्य गायीत आहे.” मामाने आयुष्यात एकाही गायीला हात लावलेला नव्हता. त्याचा सगळा व्यवहार उंटावरून शेळ्या हाकण्याचा, आणि उंटही दुसऱ्याचा.

“तू थांब रे,” आई मामाला म्हणाली. “आणि तुम्हीपण थांबा. पोरीला काय हवंय ते एकदा तिला बोलू दे की.”

“बोलू दे ना! मी कधी अडवलंय?” बाबांचा आवाज चढला. “पण आख्खी गल्ली जिला डॉक्टर म्हणते, ती उद्या कुणाच्या हाताखाली कुत्री धरणार? काय म्हणायचं मग लोकांनी? कंपाउंडर?”

“लहानपणापासून म्हणतातच आहेत लोक डॉक्टर,” आई म्हणाली. “ काय झालं म्हणून?”

“होईल!”

“कधी?”

सगळे एकदम बोलायला लागले. साहेबांना गोंगाट आवडायचा नाही. ते उठले आणि पाण्याच्या भांड्याकडे निघाले, हॉलच्या दुसऱ्या टोकाला. डॉक्टर भिंतीकडे बघत होती, आणि भिंतीकडे बघायचा कंटाळा आला म्हणून तिने खाली पाहिलं.

डावा पाय टेकला. डोकं वर गेलं. उजवा टेकला. खाली आलं. वर. खाली. वर.

इतक्या रविवारी साहेब लंगडले होते, पण त्यांची मान कधी हलली नव्हती. साहेब पायाने नाटक करायचे, मान ताठ ठेवून, बिस्किटावर नजर लावून.

“गप्प बसा,” डॉक्टर म्हणाली.

या घरात हे वाक्य आजवर फक्त टीव्हीला म्हटलं गेलं होतं. सगळे गप्प बसले.

“बाबा, साहेबांना चालवा.”

“आत्ता? अगं, इथे महत्त्वाचं—”

“चालवा.”

तिचा आवाज काही वेगळाच होता. बाबांनी फूटपट्टी ठेवली, पट्टा घेतला आणि हॉलपासून स्वयंपाकघरापर्यंतच्या बोळातून साहेबांना घेऊन निघाले. डॉक्टर मागे उकिडवी बसली. बोळात पुढे दोन डोकी जात होती. एक खालचं, वर-खाली होणारं. आणि एक वरचं. तेही वर-खाली होत होतं, उजव्या पायाला. माणसांना हा नियम लागू होतो की नाही, हे खरे डॉक्टरांनी शिकवलं नव्हतं. तिने ते मनात बाजूला ठेवलं. एका वेळी एक पेशंट.

“आणा इकडे.”

तिने साहेबांना धरलं, खांद्यावर हनुवटी टेकवली आणि मोकळ्या हाताची बोटं डाव्या मोज्याच्या केसांत घातली. पंजा गरम होता आणि सुजला होता. वर, केसांच्या आत, बोटाला एक खाच लागली. पायाला गोल, सगळीकडून. खाचेच्या तळाशी काहीतरी ताणलेलं, कडक. साहेब ओरडले नाहीत. त्यांनी फक्त तिचं मनगट तोंडात धरलं, दात न लावता, आणि तसंच धरून ठेवलं.

“रबर आहे,” ती म्हणाली.

मामाचा चेहरा उतरला. “पेपरचं,” तो म्हणाला. “पट्टी निघाली. ते आतच राहिलं.”

पाच दिवस घरात तीन माणसं आणि एक डॉक्टर साहेबांच्या अभिनयाचं कौतुक करत होते. कुणी काही विनोद केला नाही. डॉक्टरने डब्यातून कात्री उचलली. झाकण ‘खट्’ वाजलं, आणि साहेबांनी, होता तो त्रास बाजूला ठेवून, सवयीने पंजा छातीशी घेतला.

तिने कात्री खाली ठेवली. आत किती रुतलंय ते तिला दिसत नव्हतं. “मी नाही करणार. चला.”

कोपऱ्यापर्यंत साहेबांना मामाने एकट्याने उचलून नेलं. कुणाला हात लावू दिला नाही. दोन दिवसांसाठी आलेल्या माणसाने या घराचं एवढं ओझं पहिल्यांदाच उचललं होतं.

*

खरे डॉक्टर दवाखान्याचं शटर ओढत होते. चौघांना आणि कुत्र्याला बघून त्यांनी ते पुन्हा वर ढकललं. त्यांच्या चेहऱ्यावर फुलांचं दुकान स्पष्ट दिसत होतं.

केस भादरले तेव्हा सगळ्यांना दिसलं. आई तोंड फिरवून उभी राहिली.

“कुणी बांधलं हे?”

“मी,” डॉक्टर म्हणाली.

“मी,” मामा म्हणाला. “पट्टी तिची, रबर माझं.”

“घाई मी केली,” बाबा म्हणाले. “घड्याळ लावून बसलो होतो.”

“आणि मी हसले,” आई भिंतीकडे बघून म्हणाली.

खरे डॉक्टरांनी चौघांकडे आळीपाळीने पाहिलं. “एक रबर बांधायला चार माणसं?”

“आम्ही घरात सगळं मिळूनच करतो,” बाबा म्हणाले.

“धर,” खरे डॉक्टर डॉक्टरला म्हणाले.

तिने धरलं. साहेब थरथरत होते. तिचाही श्वास कुठे ताळ्यावर होता? पण तो सावकाश केल्याशिवाय इलाज नव्हता, म्हणून तिने केला. साहेबांच्या केसांना तेलकट, जुन्या चादरीसारखा वास येत होता. टेबलावर काहीतरी बारीक कापल्याचा आवाज झाला. मग पाणी, औषध, पट्टी. ही पट्टी चिकटपट्टीने बांधली.

“पाय राहील,” खरे डॉक्टर म्हणाले. “अजून दोन दिवस गेले असते तर नसता राहिला. चालताना कुणी पाहिलं?”

“मी.”

“कधी?”

“आज.”

डॉक्टर वाट बघत उभी राहिली, ते आता विचारतील म्हणून: सोमवारी का नाही? मंगळवारी तर मी शिकवलं होतं.

“आज तर आज,” खरे डॉक्टर म्हणाले, आणि हात धुवायला गेले.

*

परतताना मामा आणि आई साहेबांना घेऊन पुढे होते. बाबा मागे राहिले, आणि डॉक्टर त्यांच्या बरोबरीने.

“मी उद्या जाऊन हो म्हणणार आहे,” ती म्हणाली. “डिप्लोमाला.”

“एका रबरापायी?”

“रबर लाल रेघेसाठीच तर बांधलं होतं, बाबा.” तिला पुढचं बोलायचाही कंटाळा आला होता, पण हे बोलायलाच हवं होतं. “मला निरोगी कुत्र्यांचा वीट आलाय. जो आजारी आहे त्याला धरायचंय. सहा वर्षांनी नाही. आत्ता.”

बाबांनी पुढे चाललेल्या साहेबांच्या पट्टीकडे पाहिलं.

“म्हणजे डेपोत परत,” ते म्हणाले.

“गाड्या डेपोतूनच सुटतात ना पण?”

बाबा थांबले. सगळी नोकरी ज्या माणसाने डेपोत काढली, त्याला हे दुसऱ्याने सांगावं लागलं याचं त्यांना वाईट वाटलं असावं. का पाय दुखत होता म्हणून थांबले, ते कळलं नाही.

“आणि लाल रेघ? पुसून टाकू?”

“पुसू नका. डिप्लोमानंतर थोड्या जागा असतात म्हणे पदवीला. तिथे विनंती थांबा लिहून ठेवा. कुणी हात केला तर थांबेल.”

“विनंती थांब्यावर कुणी थांबत नाही,” बाबा म्हणाले. हे त्यांनी आजवर एकाही प्रवाशाला सांगितलं नव्हतं.

“माहितीये,” डॉक्टर म्हणाली.

शनिवारी ती एकटीच गेली. कॉलेजच्या खिडकीत एक कारकून होता, आदल्या शनिवारपासून तिथेच बसल्यासारखा.

“जनावरांचा काही अनुभव?”

“आहे. घरच्या धडधाकट कुत्र्याला लंगडं केलंय.”

त्याने मान वर केली नाही. ‘आहे’ एवढं लिहिलं आणि पुढच्याला हाक मारली.

ती घरी आली तेव्हा नकाशातली पेन्सिलीची तुटक रेघ कुणीतरी पेनाने सलग केली होती. तिच्या टोकाला चौकोन होता. आत काय लिहायचं ते न सुचल्यामुळे तो रिकामा होता, पण छप्पर काढलेलं होतं. खुर्चीत साहेब झोपले होते, पट्टी बांधलेला पाय खुर्चीच्या हातावर पसरून. बाबा शेजारच्या स्टुलावर बसले होते, तिने एके काळी ज्याच्यावर उपचार केले होते त्याच.

पट्टी तपासायला म्हणून डॉक्टरने डबा उघडला. ‘खट्’. साहेबांनी एक डोळा उघडला, तिच्याकडे पाहिलं, आणि खुर्चीतून उतरून, जमेल तेवढ्या सरळ चालीने, पलंगाखाली निघून गेले. त्यांनी नाटक सोडलं होतं.

“राहू दे त्यांना जरा,” मामा दारातून म्हणाला. त्याच्या हातात बिस्किटांचा पुडा होता. कुणाला द्यावा ते कळत नसल्यासारखा तो उभा होता.

डॉक्टरने डबा बंद केला आणि जमिनीवर उकिडवी बसली.

“बाबा, उठा.”

“का?”

“बोळातून जाऊन या. स्वयंपाकघरापर्यंत.”

“मला काय धाड भरलीय?”

“चाला.”

बाबांनी आईकडे पाहिलं. आईने काही नोंदवून घेतलं नाही. त्यांनी नकाशाकडे पाहिलं, तिथे हा मार्ग नव्हता. मग गुडघ्यावर हात ठेवून ते सावकाश उठले.

“बिस्किट मिळणार आहे का?”

“आधी चाला,” डॉक्टर म्हणाली.